खोल पाण्यांतला गळ

नदीच्या कांठीं गळ टाकून बसलेला मनुष्य सर्वांच्या परिचयाचा आहे. काठी, दोरी, आंकडा आणि आमिष एवढेंच त्याचें साहित्य; सहनशीलता हें त्याचें भांडवल. मासा येईल तेव्हां येईल, या भरंवशावर तो एका जागीं बसून राहतो. परंतु समुद्रांतले जे मोठे आणि चपळ मासे, ते अशा बैठ्या मनुष्याच्या वांट्यास क्वचितच येतात. ते सारखे फिरत असतात. म्हणून आमिषालाहि त्यांच्या मागें फिरावें लागतें. होडी मंद गतीनें चालवावयाची आणि तिच्या मागें आमिष ओढीत न्यावयाचें, ही रीत त्यासाठींच निघाली. इंग्रजींत तिला ‘ट्रोलिंग’ म्हणतात. पळणारें भक्ष्य दिसलें कीं त्याचा पाठलाग करावयाचा, हा शिकारी माशाचा स्वभाव. त्या स्वभावावरच ही सारी विद्या उभारलेली आहे.

परंतु या रीतींत एक मूळचीच अडचण आहे. सुतळीच्या टोकास चिंधी बांधून मूल धांवूं लागलें, म्हणजे ती चिंधी जमीन सोडून मागें तरंगूं लागते. चिंधींत लहानसा खडा बांधला, तरी वेग वाढतांच तोहि वर उचलला जातो. पाण्यांत हेंच घडतें. किंबहुना पाणी हवेहून सुमारें आठशें पट दाट असल्यामुळें अधिकच घडतें. होडी ताशीं दोन-तीन मैलांच्या वेगानें चालली, कीं पुष्कळशी दोरी सोडूनहि तिच्या टोकाचें आमिष पृष्ठभागाजवळच राहतें. आणखी दोरी सोडावी, तर ती लांब मात्र जाते. खोल जात नाहीं.

आणि मासा तर खोल असतो. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत, ‘चिनूक’ नांवाचा सॅमन मासा सांपडतो. पॅसिफिक महासागरांतील सर्व सॅमन माशांत हा सर्वांत मोठा. कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाकडे, तीस पौंड किंवा त्याहून अधिक वजनाच्या चिनूकला ‘टायी’ म्हणतात. तेथील मूळ रहिवाशांच्या व्यापारी बोलींत या शब्दाचा अर्थ ‘सरदार’ असा आहे. या सरदाराचें मुख्य अन्न म्हणजे हेरिंगसारखे लहान मासे. आपल्याकडील तारलीचीच ही थंड पाण्यांतली भावंडें म्हणावयाचीं. रात्रीं हेरिंगचे थवे वर येतात आणि उजाडूं लागलें कीं प्रकाशापासून दूर, खालीं खालीं उतरतात. त्यांच्यामागोमाग सॅमनहि उतरतो. पहाटे जो मासा चार-पांच वांवांवर होता, तो भर दुपारीं शंभर ते दोनशें फुटांवर, म्हणजे सतरा ते तेहतीस वांव खोल जाऊन राहतो. वर फिरणारें आमिष त्याच्या गांवींहि नसतें.

या अडचणीवर पूर्वींच्या लोकांनीं उपाय केले नाहींत असें नाहीं. कोणी दोरीऐवजीं धातूची तार वापरली. कोणी पाण्याच्या दाबानें खालीं झेंप घेणाऱ्या फळ्या दोरीस बांधल्या. कोणी शेर-दीड शेर वजनाचें शिसें दोरीसच जोडलें. आमिष खालीं गेलें खरें. परंतु मासा गळास लागला, तरी तें ओझें दोरीवर कायमच. एवढें वजन पेलण्यासाठीं काठी बांबूसारखी ताठ घ्यावी लागे आणि दोरी सुंभासारखी जाड. मासा झुंजे तो माणसाशीं नव्हे, शिशाशीं! माशाच्या हिसक्यासरशीं सुटून तळाशीं जाणारे लोखंडी गोळेहि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वापरांत आले. त्यांनीं दोरी हलकी राही. पण प्रत्येक माशामागें एक गोळा समुद्रास अर्पण करावा लागे.

‘डाउनरिगर’ नांवाच्या यंत्रानें या कोड्याचा उलगडा केला. त्यामागील कल्पना इतकी साधी आहे, कीं ती आधींच कशी सुचली नाहीं याचें नवल वाटावें. आमिष खालीं नेणें हें एक काम आणि माशाशीं झुंजणें हें दुसरें काम. हीं दोन्ही कामें एकाच दोरीवर लादलेलीं होतीं. तीं दोन दोरींवर वांटून दिलीं, कीं झालें. सॅमन पकडणाऱ्या धंदेवाईक कोळ्यांना जड गोळ्यांचा उपयोग पूर्वींपासून ठाऊक होता. आपल्या होड्यांवरील हातरहाटांनीं ते पोलादी तारा समुद्रांत सोडीत आणि एकेका तारेस अनेक गळ जोडीत. डाउनरिगर म्हणजे याच रहाटाची लहान आवृत्ति. मात्र तींत गळाची दोरी तारेपासून निराळी असते, आणि सारी खुबी तेथेंच आहे.

होडीच्या पिछाडीस कांठावर हें यंत्र घट्ट बसवितात. त्याचे भाग मोजकेच आहेत. एक चाक, त्यावर दोन-तीनशें फूट बारीक पोलादी तार. चाक फिरविण्यास हाताची मूठ किंवा विजेची मोटर. चाक हळूहळू सोडतां यावें म्हणून ब्रेक. होडीपासून तार दूर राहावी म्हणून बाहेर काढलेला आडवा दांडा आणि त्याच्या टोकास कप्पी. किती फूट तार सुटली तें दाखविणारा आंकड्यांचा मोजक. तारेच्या टोकास आठपासून पंधरा पौंडांपर्यंत वजनाचा गोळा असतो. गोळ्याच्या वर एक चिमटा बसविलेला असतो. मोटर, मोजक, पोलादी तार यांच्या पुढें हा चिमटा अगदींच क्षुल्लक दिसतो. परंतु यंत्राचा प्राण त्याच्यांत आहे.

प्रथम काठीवरील दोरीनें आमिष पाण्यांत सोडतात आणि तें मागें पंधरा-वीस फूट जाऊं देतात. आमिष म्हणून हेरिंग किंवा अँचोव्ही मासा लावतात, किंवा रबरासारख्या मऊ पदार्थाची, माकुळाच्या आकाराची रंगीत झालर. आमिषाच्या तीन-चार फूट पुढें बहुधा हातभर लांबीची एक चकचकीत पट्टी असते. ती पाण्यांत गिरक्या घेते, आणि भक्ष्यावर तुटून पडलेल्या माशाच्या अंगाची चमक दुरून दिसावी तसा भास उत्पन्न करते. मग दोरी चिमट्यांत अडकवून ब्रेक सैल करतात. गोळा खालीं जातो आणि आपल्याबरोबर दोरीस घेऊन जातो. मोजकावर पाहिजे तो आंकडा आला, कीं ब्रेक आंवळतात. काठी यंत्राजवळच्या खोबणींत उभी करून दोरी इतकी ताणतात, कीं काठीचा शेंडा धनुष्यासारखा पाण्याकडे वांकतो. आतां पाहण्याखेरीज दुसरें काम उरत नाहीं.

खोल पाण्यांत माशानें आमिष धरलें, कीं प्रथम काठीचा शेंडा दोन-तीनदां थरथरतो. पुढच्याच क्षणीं चिमट्यांतून दोरी निसटते आणि वांकलेली काठी एकदम सरळ उभी राहते. नवशिक्याचा येथेंच घोटाळा होतो. काठी सरळ झाली म्हणजे मासा सुटला असें त्यास वाटतें. वास्तविक मासा याच वेळीं गळास लागलेला असतो. ढिली पडलेली दोरी झरझर गुंडाळून तो ताण पुन्हां हातास लागेपर्यंत दम घेतां कामा नये. दुसरा गडी तोंवर गोळा वर ओढून घेतो, म्हणजे दोरी तारेंत गुंतण्याचें भय राहत नाहीं. आतां दोरीवर एक तोळाभरहि शिसें नसतें. एका टोकास मनुष्य, दुसऱ्या टोकास मासा. मध्यें दुसरें कोणी नाहीं. वीस वांवांवरून उचललेला मासाहि हलक्या काठीनें खेळवितां येतो, तो यामुळेंच.

परंतु मोजकावरचा आंकडा ही खरी खोली नव्हे, हें जाणत्या मनुष्यास विसरतां येत नाहीं. होडी पुढें चालली, कीं पाण्याच्या दाबानें तार मागें कलते. शाळेंत त्रिकोणमिति शिकलेल्या मुलास हा हिशेब सहज करतां येईल. तार उभ्या रेषेपासून तीस अंश कलली, तर सुटलेल्या शंभर फुटांपैकीं खोली सुमारें सत्याऐंशी फूटच मिळते. पंचेचाळीस अंश कलली, तर अवघी एकाहत्तर. तार अगदीं सरळ नसून किंचित् वांकलेली असते, म्हणून हा हिशेब स्थूल मानावा. पण मासा अमुक एका थरांत आहे असें प्रतिध्वनियंत्रावर दिसत असतां आमिष तीस फूट वरून जाऊं लागलें, तर दिवस फुकट जावयाचा. गोळा अधिक जड घेतला, किंवा त्यास माशाचा आकार देऊन मागें कल्ला बसविला, तर कल कमी होतो.

हाच कल एका दृष्टीनें मार्गदर्शकहि आहे. ज्या समुद्रांत भरती-ओहोटीचा ओघ जोराचा, तेथें जमिनीच्या मानानें होडीचा वेग किती, हें माशाच्या लेखीं महत्त्वाचें नसतें. पाण्यांतून आमिष किती वेगानें जात आहे, हें महत्त्वाचें. शिवाय वरचा ओघ आणि खालचा ओघ पुष्कळदां सारखे नसतात. म्हणून अनुभवी माणसें वेगमापकापेक्षां तारेच्या कलावर अधिक विश्वास ठेवतात. होडी वळली, कीं आंतल्या बाजूचें आमिष मंद होऊन खालीं उतरतें आणि बाहेरच्या बाजूचें जलद होऊन वर येतें. ज्या बाजूस मासा लागला, तिच्यावरून त्या दिवशीं त्यास कोणता वेग रुचतो तें कळतें. सरळ रेषेंत होडी हांकणारा मनुष्य हा धडा कधींच शिकत नाहीं.

या यंत्रापासून धोकाहि आहे. तळ सपाट असला तर बरें. परंतु खडक एकाएकीं वर आला आणि गोळा कपारींत अडकला, तर तार तुटेपर्यंत होडी तळाशीं बांधली जाते. ओघ जोराचा आणि लाट मागून येणारी असेल, तर लहान होडीची पिछाडी खालीं खेंचली जाऊन आंत पाणी घुसावयास वेळ लागत नाहीं. म्हणून ब्रेक कधींहि पुरता आंवळूं नये, ठराविक ताणापलीकडे चाक आपण होऊन सुटावें असा ठेवावा, आणि तार तोडण्याची पक्कड हाताशीं असावी, असें तेथें सांगितलें जातें. एका गोळ्याच्या लोभानें होडी गमावणें हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे. वर ओढलेला दहा पौंडांचा गोळा लाटेच्या हेलकाव्यानें फळीवर किंवा गुडघ्यावर आदळला, म्हणजे काय होतें, हें सांगावयास नकोच.

या यंत्राचा मोठा प्रसार एका अर्थीं गोड्या पाण्यानें केला. अमेरिकेंतील मिशिगन सरोवराच्या उपनद्यांत १९६६ सालीं पॅसिफिकमधील कोहो जातीच्या सॅमनचीं पिलें सोडण्यांत आलीं. तीं झपाट्यानें वाढलीं. परंतु उन्हाळ्यांत सरोवराचें वरचें पाणी तापलें, कीं मासे खालच्या थंड थरांत जात आणि साध्या गळास लागत नसत. मग हजारों होड्यांवर डाउनरिगर दिसूं लागला. खाऱ्या पाण्यांतहि आज त्याचा संचार दूरवर आहे. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर जिवंत लहान मासा आमिष म्हणून लावून, तो मरूं नये एवढ्या संथ वेगानें होडी चालवितात आणि ‘किंग मॅकरेल’ धरतात. हा मासा आपल्या सुरमईचा सख्खा चुलतभाऊ होय. ऑस्ट्रेलियांत क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर ज्यास ‘स्पॅनिश मॅकरेल’ म्हणतात, ती तर प्रत्यक्ष आपली सुरमईच. कोंकणांतील बाजारांत येते तीच जात. सुरमईचे दांत ज्यानें जवळून पाहिले आहेत, त्यास तेथील लोक गळाच्या आधीं पोलादी तारेचा तुकडा कां जोडतात, हें विचारावें लागणार नाहीं.

तथापि यंत्रानें खोली जिंकली म्हणून सर्वांनींच त्यापुढें मान तुकविली असें नाहीं. व्हँकुव्हर बेटावरील कँपबेल रिव्हर या गांवीं १९२४ सालीं स्थापन झालेला ‘टायी क्लब’ आहे. त्याचें सभासदत्व पैशानें मिळत नाहीं. वल्ह्यांनीं चालणाऱ्या होडींतून, हलक्या काठीनें व बारीक दोरीनें, तीस पौंड किंवा त्याहून मोठा चिनूक धरावा, तेव्हांच तें मिळतें. तेथें मोटर नाहीं आणि डाउनरिगरहि नाहीं. नदीच्या मुखाशीं, जेथें मोठे मासे उथळ पाण्यांत येतात, तेथेंच हा खेळ चालतो. मासा वर येईपर्यंत मनुष्यानें वाट पाहावयाची. दोन्ही पंथांचीं माणसें एकाच धक्क्यावरून होड्या सोडतात, आणि वाद घालीत बसत नाहींत.

खरा प्रश्न निराळाच आहे. पूर्वीं खोल पाणी हेंच माशाचें संरक्षण होतें. दुपारच्या वेळीं तो जेथें जाऊन राही, तेथें माणसाचा हात पोंचत नसे. हें कवच डाउनरिगरनें काढून घेतलें. तेव्हां कवच काढून घेणाऱ्यावर कांहीं जबाबदारी येते कीं नाहीं?

येथें तो क्षुल्लक चिमटा पुन्हां पुढें येतो. चिमटा फार घट्ट लावला, तर मोठाच मासा दोरी सोडवूं शकतो. हातभर लांबीचें पोर गळास लागलें, तर त्याच्या अंगांत तेवढें बळ नसतें. तें बिचारें चिमट्यासह तसेंच ओढलें जातें; वरच्या माणसास पत्ता नसतो. अर्ध्या तासानें आमिष पाहण्यासाठीं दोरी वर घेतली, म्हणजे तें मेलेलें हातीं येतें. तें ठेवावयास कायद्याची परवानगी नाहीं, आणि सोडून देण्यांत अर्थ नाहीं. म्हणून चांगला मासेमार चिमटा सैल ठेवतो. लाटेच्या धक्क्यानें दोरी दहादां फुकट सुटली, तरी तो त्रास सोसतो; काठीच्या शेंड्याचें बारीकसें कंपनहि नजरेआड होऊं देत नाहीं. त्याच्या गळास उलटा कांटा नसतो, कारण ब्रिटिश कोलंबियांत सॅमनसाठीं तसा नियमच आहे. मासा होडींत न घेतां पाण्यांतच मोकळा करतां यावा, हा त्या नियमाचा हेतु.

सॅमनपेक्षां कठीण गति ‘रॉकफिश’ नांवाच्या माशाची. तळाजवळून गोळा नेतांना तो पुष्कळदां न मागतां गळास लागतो. समुद्रांत सुमारें तेहतीस फुटांवर पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या दुप्पट होतो; शंभर फुटांवर तो चौपट असतो. माशाच्या पोटांत हवेची पिशवी असते. सॅमनच्या पिशवीस घशाशीं जोडणारी नळी असल्यामुळें वर येतांना तो हवा बाहेर टाकूं शकतो. रॉकफिशला ती सोय नाहीं. शंभर फुटांवरून तो वर आणला, कीं आंतली हवा चौपट फुगूं पाहते; डोळे बाहेर येतात, पोट तोंडांत येतें. असा मासा पाण्यांत सोडला, तरी तो फुगलेल्या पिशवीमुळें वरच तरंगत राहतो आणि समुद्रपक्ष्यांच्या भक्ष्यस्थानीं पडतो. यांतील कांहीं जाती शंभर वर्षांहून अधिक जगतात. म्हणजे ज्याला हातानें भिरकावून दिलें, तो मासा भिरकावणाऱ्याच्या आजोबांच्या वयाचाहि असूं शकेल.

परंतु ज्या यंत्रानें त्याला वर आणलें, तेंच यंत्र त्याला खालीं नेऊं शकतें. माशाचा ओंठ हलकेच चिमट्यांत धरावयाचा, गोळा सोडावयाचा, आणि मासा जेथून आला त्या खोलीवर पोंचला, कीं तारेस हिसका देऊन त्यास मोकळा करावयाचा. दाब वाढत जातो तशी पिशवींतली हवा पुन्हां आकुंचन पावते. फुगलेला, निपचित दिसणारा मासा शेंपूट हलवून अंधारांत निघून जातो. पाण्याखालीं कॅमेरे सोडून हें पाहण्यांत आलेलें आहे. ब्रिटिश कोलंबियांत नको असलेला रॉकफिश अशा कांहीं साधनानें त्याच्या खोलीपर्यंत पोंचवावा, असें आतां बंधन आहे. मेक्सिकोच्या आखातांत खडकाळ तळावरील मासे धरणाऱ्या होडीवर, मासा खालीं पोंचविण्याचें किंवा पिशवींतली हवा काढण्याचें साधन तयार ठेवलेंच पाहिजे, असा अमेरिकेचा कायदाहि २०२२ सालीं अमलांत आला.

या सर्वांस निकड आली आहे ती चिनूकच्या उतरत्या दशेमुळें. कॅनडाची फ्रेझर नदी सॅमनसाठीं प्रसिद्ध. २०१८ सालीं तेथील शास्त्रज्ञांच्या समितीनें या नदीच्या चिनूकचे तेरा निरनिराळे रानटी समूह तपासले, तों त्यांपैकीं बारा कमी-अधिक संकटांत असल्याचें तिला आढळलें. तापलेलें पाणी, बिघडलेल्या नद्या आणि मासेमारी अशीं त्याचीं अनेक कारणें आहेत. २०१९ पासून सरकारनें किनाऱ्याच्या कित्येक भागांत वर्षांतील कांहीं महिने चिनूक घरीं नेण्यास मनाई केली. त्याच पाण्यांत वावरणारे ऑर्का देवमासे मुख्यत्वें चिनूकवर जगतात. त्यांच्या एका कुळांत आज पाऊणशेंच्या आंतबाहेर जीव उरले आहेत. माणसाच्या टोपलींत जाणारा प्रत्येक मोठा चिनूक त्यांच्या घासांतून गेलेला असतो.

यामुळें तेथील कित्येकांनीं होड्या विकून टाकल्या. इतर मात्र अद्याप पहाटे धक्क्यावर येतात. गोळा खालीं सोडतात, तारेचा कल पाहतात, काठीच्या शेंड्यावर नजर ठेवतात. मासा लागला, तर होडीच्या बाजूस आणून गळ काढतात आणि त्यास तसाच पाण्यांत जाऊं देतात. तळचा एखादा रॉकफिश फुगून वर आला, तर त्याला चिमट्यांत धरून पुन्हां वीस वांव खालीं पोंचवितात. मोजकावरचे आंकडे उलटत राहतात, तार एकदां हिसडली जाते, आणि मूठ फिरवून रिकामा गोळा वर घेतला जातो.